४७ चाचण्यांची यादी आणि बोअरचं पाणी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. आईच्या आजारपणामुळे त्याला डब्याचं दूध सुरू करावं लागलं. मागच्या आठवड्यात नवा डबा उघडला आणि तेव्हापासून शी पातळ होते आहे. पावडरीत बारीक तपकिरी ठिपकेही दिसले. प्रयोगशाळेत विचारलं तर त्यांनी ४७ चाचण्यांची यादी आणि छाती दडपणारं दरपत्रक पाठवलं. यातल्या कुठल्या करायच्या, आणि यापुढे प्रत्येक डबा तपासून घ्यायचा का, हे तुम्हाला हवं आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "पाणी घरच्या बोअरचंच, पण वीस मिनिटं उकळून घेतो." त्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

माझी ओळख एवढीच, की दूध भुकटीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आणि पुढे खासगी प्रयोगशाळेत मिळून पंचवीस वर्षं मी पावडरी तपासल्या. ब्रँडचं नाव मी विचारणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. मी डॉक्टरही नाही. शीमध्ये रक्त, ताप, दूध न ओढणं, लघवी कमी होणं, ओठ-नखं निळसर दिसणं, यातलं काहीही असेल तर हे वाचणं थांबवा आणि बाळाला घेऊन निघा.

आता तुमची यादी. "सगळं तपासा" असं प्रयोगशाळेला सांगता येत नाही. प्रत्येक चाचणी एकच प्रश्न विचारते आणि तेवढ्याचंच उत्तर देते. प्रश्न चुकला तरी उत्तर प्रामाणिकच येतं आणि आपण त्यावर निर्धास्त होतो. मेलामाइन या प्लास्टिक उद्योगातल्या रसायनाचं प्रकरण नेमकं हेच होतं. दुधातलं प्रथिन मोजायची जुनी पद्धत म्हणजे केल्डाल. ती प्रथिन मोजतच नाही, ती नायट्रोजन मोजते. आलेल्या आकड्याला आपण ६.३८ ने गुणतो आणि त्याला प्रथिन म्हणतो. चीनमध्ये २००४ साली फूयांग भागात जवळपास प्रथिनच नसलेली बनावट पावडर विकली गेली आणि बाळं कुपोषणानं गेली. साध्या केल्डालनं ते डबे पकडले असते. चार वर्षांनी भेसळ करणारे केल्डाल शिकून आले होते. पाणी घातलेल्या दुधात त्यांनी मेलामाइन मिसळलं. मेलामाइनच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो, त्यामुळे एक ग्रॅम मेलामाइन केल्डालला सव्वाचार ग्रॅम प्रथिनासारखं दिसतं. २००८ मध्ये सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, मूत्रपिंडात खडे झाले, सरकारी आकड्यानुसार सहा दगावली. ते दूध प्रथिनाच्या चाचणीत पास होत होतं, आणि चाचणीत कसलीही चूक नव्हती.

त्यानंतर आम्ही दोन केल्डाल लावायला लागलो. एक सरळ, दुसरं ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लानं प्रथिन खाली बसवून वरच्या निवळीचं. चांगल्या दुधात प्रथिनाबाहेरचा नायट्रोजन एकूण नायट्रोजनाच्या पाच-सहा टक्के असतो. तो अचानक वाढला की युरिया असो वा मेलामाइन, कोणीतरी हात मारलाय हे कळतं. नक्की काय मिसळलंय, हे सांगायला मग एलसी-एमएस, म्हणजे एकेक रसायन वेगळं करून ओळखणारं यंत्र लागतं. बाळाच्या पावडरीत मेलामाइनची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची, मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे. तुमच्या यादीत ही चाचणी आहे आणि ती महागही आहे. माझ्या मते तुम्हाला तिची गरज नाही. सीलबंद, पक्क्या बिलाच्या डब्यावर आणि पातळ शीच्या तक्रारीवर मी ती सुचवणार नाही. सुटी पावडर, खाडाखोड केलेली तारीख, कुठून आला हे सांगता न येणारा परदेशी डबा असं काही असतं, तर माझं उत्तर वेगळं असतं.

ठिपक्यांचं म्हणाल तर ते बहुधा जळके कण असावेत. पावडर बनवताना दुधाचा फवारा १८०-२०० अंश तापलेल्या हवेत सोडतात. ड्रायरच्या भिंतीला किंवा नोझलच्या तोंडाला थोडं दूध चिकटून बसतं, करपतं आणि कधीतरी सुटून पावडरीत पडतं. याची चाचणी अगदी साधी असते. पावडर पाण्यात विरघळवून पांढऱ्या गोल पॅडमधून गाळायची आणि ए ते डी अशा चार प्रमाण चित्रांशी पॅड ताडून बघायचं. घरीही करता येईल. दोन चमचे पावडर गरम पाण्यात विरघळवा, पांढऱ्या मलमलीतून गाळा, कापड वाळू द्या. मग त्यावरून चुंबक फिरवा. कण चुंबकाला चिकटले, किंवा भिंगातून पाय-पंख दिसले, तर सरळ तक्रार करा. नुसते तपकिरी, बोटानं चुरडणारे असतील तर कारखान्याचा गलथानपणा आहे, पण त्यानं जुलाब होत नाहीत.

जुलाब म्हटलं की सगळे जिवाणूंची चाचणी मागतात. तुम्हीही तिच्यावर खूण केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाळाची पावडर निर्जंतुक नसते. हे ऐकून पालक दचकतात, पण ते खरं आहे. कोरड्या पावडरीत क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू महिनोन्महिने तग धरतो. तो क्वचितच आढळतो, पण अगदी तान्ह्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मेंदूपर्यंत पोचतो, म्हणून त्याची धास्ती. आता गणित बघा. समजा एका किलोत असा एकच जिवाणू आहे. तुम्ही १० ग्रॅमचा नमुना दिलात तर तो सापडण्याची शक्यता शंभरात एक. कोडेक्सची अपेक्षा आहे की एका लॉटमधून १० ग्रॅमचे ३० नमुने घ्यावेत आणि एकातही तो नसावा. म्हणजे ३०० ग्रॅम पावडर. तरीही सापडण्याची शक्यता चारात एक इतकीच. साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूसाठी २५ ग्रॅमचे ६० नमुने, म्हणजे दीड किलो. तुमच्या हातातला डबा ४०० ग्रॅमचा आहे आणि त्यातला निम्मा संपलाय. त्यातून चिमूटभर पावडर देऊन "निगेटिव्ह" अहवाल आणणं म्हणजे सगळ्या विहिरीतून एक तांब्या काढून "यात बेडूक नाही" म्हणण्यासारखं आहे.

मग कारखाने यावर कसे विसंबतात? शेवटच्या नमुन्यावर ते विसंबत नाहीत, विसंबूही नये. जमीन, ड्रायरच्या आसपासच्या कडा, झाडू, बुटांचे तळवे, हवेच्या जाळ्या यांचे रोज स्वॅब घेतले जातात. आमच्याकडे एका पावसाळ्यात पॅकिंग हॉलच्या पत्र्यातून थेंब थेंब गळत होतं. पावडरीचे नमुने स्वच्छ होते, पण त्या कोपऱ्यातल्या जमिनीचा स्वॅब बिघडला. दोन दिवस पॅकिंग बंद ठेवलं तेव्हा वरच्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पावडरीच्या कारखान्यात पाणी हाच शत्रू असतो, कारण पाणी मिळालं की झोपलेला जिवाणू उठतो. अमेरिकेत मिशिगनमधल्या स्टर्जिसचा कारखाना २०२२ मध्ये बंद पडला आणि देशभर बाळांच्या दुधाची टंचाई झाली, तिथेही क्रोनोबॅक्टर सापडला तो कारखान्यातल्या पृष्ठभागांच्या स्वॅबमध्ये.

तोच जिवाणू तुमच्या स्वयंपाकघरातही पाणी मिळालं की उठतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पाणी उकळून किमान ७० अंश गरम असतानाच पावडर घाला, मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करा, आणि दोन तासांत न संपलेलं दूध टाकून द्या. किटली बंद केल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, कारण त्यात जिवंत प्रोबायोटिक्स असतात किंवा उष्णतेनं काही जीवनसत्त्वं घटतात. अशा वेळी काय पाळायचं ते बाळाच्या वयावर आणि तब्येतीवर अवलंबून आहे. बालरोगतज्ज्ञांना डबा दाखवून विचारा. रात्री एकदम तीन बाटल्या करून उशाशी ठेवणं मात्र कुठल्याच डब्याला मान्य नाही.

आतापर्यंत काय मिसळलं असेल याबद्दल बोललो. माझ्या अनुभवात जास्त दुर्लक्ष होतं ते काय नसेल याकडे. २००३ मध्ये इस्राएलमध्ये रेमेडिया नावानं विकल्या जाणाऱ्या, जर्मनीत बनलेल्या सोया फॉर्म्युलात थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, जवळजवळ नव्हतंच. लेबलवर लिहिलेल्या आकड्याच्या दहावा हिस्साही नाही. काही बाळं दगावली, काहींच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्या पावडरीत विष नव्हतं, जंतू नव्हते, चवही बरोबर असणार. त्याआधी १९७९ च्या सुमारास अमेरिकेत एका सोया फॉर्म्युलातून क्लोराइड कमी पडलं होतं आणि त्यातून १९८० चा त्यांचा बालदुग्ध कायदा आला. मोठ्या माणसाच्या एखाद्या डब्यात काही कमी पडलं तर भाजी-भाकरी ते भरून काढते. चार महिन्यांच्या बाळाचं संपूर्ण ताट म्हणजे तो डबा. पण हा तुमच्या आठ दिवसांच्या जुलाबांचा प्रश्न नाही. महिनोन्महिने बाळाचं वजन वाढत नसेल, तेव्हा तो विचारायचा.

पोषकांची चाचणी केलीच, तर अहवाल वाचताना घाई करू नका. लेबलवर प्रथिन ११ ग्रॅम आणि अहवालात ११.२ किंवा १०.८, याला काही अर्थ नाही. बाळाच्या फॉर्म्युलात नायट्रोजनला ६.२५ ने गुणायचा प्रघात आहे, दूध पावडरीत ६.३८ ने. एवढ्यानंच दोन टक्के फरक पडतो. जीवनसत्त्व क लेबलपेक्षा बरंच जास्त दिसेल, कारण मुदत संपेपर्यंत टिकावं म्हणून ते मुद्दाम जास्त घातलेलं असतं. आणि कमी दिसलं, तर आधी नमुना कसा ठेवला होता ते विचारा. मी नवी असताना एकदा जीवनसत्त्व अ चाळीस टक्के कमी दाखवून बसले. पूर्ण बॅच अडवली, फोनाफोनी झाली. शेवटी कळलं की नमुना पारदर्शक बरणीत, खिडकीशेजारी, दोन दिवस उन्हात होता. तपकिरी काचेतला राखीव नमुना काढला, तो बरोबर आला. ते "अ" माझ्याच टेबलावर मेलं होतं. त्या बॅचचा ट्रक अडवलेला ड्रायव्हर मला अजून आठवतो.

असाच एक विनोद नेहमी होतो. काही प्रयोगशाळा बाळाच्या फॉर्म्युलाला साध्या दूध पावडरीचा साचा लावतात आणि आर.एम. मूल्य (दुधाची चरबी ओळखायचा आकडा) कमी आलं म्हणून "वनस्पती तेलाची भेसळ" असा शेरा मारतात. अहो, फॉर्म्युलात वनस्पती तेलं घातलेलीच असतात, घटकांच्या यादीत लिहिलेली असतात. तुमच्या ४७ मध्ये ही चाचणी क्रमांक १९ वर आहे. ती यादी कुठून उचलली असेल ते त्यावरून मला कळलं.

शिशासारख्या धातूंचं आणि अफ्लाटॉक्सिनचं एकक बघा. शिशाची कोडेक्सची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम आहे, पण ती तयार केलेल्या दुधासाठी. पावडरीत ०.०५ आलं म्हणजे पाचपट झालं असं नाही. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम पावडर जाते, म्हणजे बाटलीत ते पावणेआठपट पातळ होतं, ०.००६५ च्या आसपास. अफ्लाटॉक्सिन एम-१ चा उगम गोठ्यात आहे. ओलसर जागी ठेवलेल्या सरकी पेंडीला, शेंगदाणा पेंडीला बुरशी येते, जनावर ती खातं, विष रूप बदलून दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने त्यात मर्यादेबाहेर होते. तेव्हा "डबा नको, गवळ्याचं दूध देतो" हा उपाय तुमच्या डोक्यात असेल तर तो काढून टाका. या वयात गाईचं-म्हशीचं दूध इतर कारणांनीही चालत नाही.

अहवालात "आढळले नाही" लिहिलं असेल, तर पद्धत किती बारीक मोजू शकते तो आकडा शेजारी हवाच. ऊस मोजायच्या वजनकाट्यावर नथ ठेवली तर काटा हलणार नाही. म्हणून नथ नाही असं थोडंच? एनएबीएलचा, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा, शिक्काही नुसता बघू नका. त्यांच्या मान्यतेच्या यादीत "शिशु फॉर्म्युला" हा पदार्थ आणि तुम्हाला हवी ती चाचणी, दोन्ही एका ओळीत आहेत का ते विचारा.

आता बोअर. तुम्ही ज्याला दूध म्हणता त्या बाटलीत १०० मिलिलिटर पाण्यामागे १५ ग्रॅम पावडर आहे. दिवसाला १२० मिलिलिटरच्या सहा बाटल्या धरल्या तर बाळाच्या पोटात ७२० मिलिलिटर तुमच्या बोअरचं पाणी जातंय. पावडर निदान कोणीतरी तपासून विकली आहे. हे पाणी कोणी तपासलंय? विदर्भ-मराठवाड्यात कूपनलिकांच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर गेल्याचं केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत वर्षानुवर्षं येतंय. शेतातलं युरिया, उकिरडा, शोषखड्डा, सगळं खाली झिरपतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याचा धोका सगळ्यात जास्त, कारण नायट्रेटचं नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. पोट बिघडलेलं असेल तर आणखी. आणि उकळून नायट्रेट जात नाही, वाढतं. वीस मिनिटांत पाणी आटतं, रस्सा आटला की खारट व्हावा तसं नायट्रेट उरलेल्या पाण्यात दाट होतं. जंतूंसाठी खळखळून एक उकळी पुरेशी असते. कँडलचा फिल्टर, युव्ही, तुरटी, कशानंच नायट्रेट निघत नाही. आरओनं बहुतांश निघतं.

याचा अर्थ जुलाब पाण्यामुळेच झाले असा नाही. डबा बदलल्यावर चार-आठ दिवस शी बदलणं हेही नेहमीचं आहे. गाईच्या दुधातलं प्रथिनच एखाद्या बाळाला सोसत नाही, तेव्हा पावडर शंभर टक्के निर्दोष निघते आणि बाळ तरी आजारीच राहतं. ते प्रयोगशाळेत सापडत नाही, डॉक्टरांना सापडतं. आणि एक खुळचट वाटणारा प्रश्न विचारते: नव्या डब्यात जुन्याच डब्याचा चमचा वापरताय का? प्रत्येक ब्रँडच्या चमच्याचं माप वेगळं असतं. शीग लावून भरलेला चमचा आणि सपाट केलेला चमचा यात जो फरक पडतो, तेवढा फरक मी कारखान्यातून निघालेल्या कुठल्याही बॅचमध्ये पाहिलेला नाही. दाट दूध बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण आणतं, पातळ दूध उपाशी ठेवतं.

तेव्हा तुमच्या जागी मी काय करीन ते सांगते. उद्या डबा, चमचा आणि शीचा फोटो घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जाईन. तोपर्यंत बोअरचं पाणी बंद, आरओचं किंवा सीलबंद पाणी तेही उकळून. स्वच्छ बाटलीत लिटरभर बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत देऊन नायट्रेट आणि फ्लोराइड मागेन. जंतूंची पाणी चाचणी हवी असेल तर त्यासाठी निर्जंतुक बाटली तिथूनच आणायची, घरची चालत नाही. डब्याचा बॅच क्रमांक, तारीख आणि बिल यांचा फोटो काढून ठेवीन. उरलेली पावडर त्याच डब्यात, झाकण घट्ट लावून, वेगळी ठेवीन.

डब्यावरच संशय उरला तर उघडा डबा खासगी प्रयोगशाळेत नेऊन फारसा उपयोग नाही. तुमचा चमचा, तुमची हवा त्यात शिरली आहे, कंपनी पहिल्याच पत्रात तेच लिहील. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार साध्या ग्राहकालाही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि पदार्थ नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. मेख अशी आहे, की माल घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, "हा मी तपासायला देणार आहे." त्यामुळे त्याच बॅचचा सीलबंद डबा नव्यानं, तसं सांगून, बिलासह घ्या. किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या तक्रारीच्या पोर्टलवर, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात बॅच क्रमांकासह तक्रार द्या. अधिकारी दुकानातून रीतसर नमुना उचलतो, तो न्यायालयात टिकतो. यात तुमचे ४७ चाचण्यांचे पैसे वाचतात. प्रत्येक डबा तपासायचा प्रश्न तर उरतच नाही, कारण तपासलेला डबा बाळाला देता येत नाही आणि बाळाला दिलेला डबा तपासलेला नसतो.

पाण्याचा नायट्रेटचा आकडा आला की इथेच खाली लिहा. सोबत बोअर किती फूट खोल आहे आणि शोषखड्डा किती अंतरावर आहे, तेही.